राउटर, स्विच, फायरवॉल आणि त्यांचे ड्रायव्हर : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शे-दोनशे किंवा त्याहून जास्त नेटवर्क उपकरणांचे कॉन्फिग, म्हणजे त्यांच्या सगळ्या सेटिंगच्या फाइल, एका मध्यवर्ती सॉफ्टवेअरमधून सांभाळणाऱ्यांसाठी हे पान आहे. सॉफ्टवेअर कुठलंही असो, ‘हे उपकरण सपोर्टेड आहे का?’ या प्रश्नाभोवती त्याच त्या अडचणी उभ्या राहतात.

ड्रायव्हर म्हणजे राउटरवर काही इन्स्टॉल करायचं असतं का?

नाही. प्रिंटरचा किंवा ग्राफिक्स कार्डचा ड्रायव्हर आणि हा ड्रायव्हर यांचा संबंध नाही. हा ड्रायव्हर मॅनेजमेंट सर्व्हरवर राहतो. उपकरणाला त्याचा पत्ताही नसतो. समोरचं उपकरण ओळखायचं कसं, लॉगिन कसं करायचं, प्रॉम्प्ट (कमांडची वाट बघणारी ओळ) कसा दिसतो, कॉन्फिग कुठल्या कमांडने मिळतो, आलेल्या मजकुरातून सिरियल नंबर कुठून उचलायचा आणि बदल केल्यावर तो सेव्ह कसा करायचा, या सगळ्याचं ज्ञान त्यात असतं.

सोलरविंड्स एनसीएममध्ये हेच काम ‘डिव्हाइस टेम्प्लेट’ करतं, ऑक्सिडाइज्डमध्ये ‘मॉडेल’ नावाची रूबी फाइल, सिस्को प्राइममध्ये ‘डिव्हाइस पॅक’. नेटमिको ही पायथन लायब्ररी वापरत असाल तर ‘डिव्हाइस टाइप’ म्हणून जे लिहिता ते हेच.

आमचं मॉडेल सपोर्टच्या यादीत आहे. म्हणजे सगळं चालणारच ना?

यादीतली टिकमार्क फार कमी सांगते. सपोर्ट म्हणजे एकच गोष्ट नसून कामांचा गठ्ठा असतो. उपकरण ओळखणं, रनिंग (सध्या लागू असलेला) कॉन्फिग वाचणं, स्टार्टअप (रीबूटनंतर लागू होणारा) कॉन्फिग वाचणं, हार्डवेअरची माहिती काढणं, पासवर्ड बदलणं, कमांड स्क्रिप्ट चालवणं, कॉन्फिग परत चढवणं, ऑपरेटिंग सिस्टिमची इमेज पाठवणं. यातली पहिली दोन-तीन कामं जवळजवळ प्रत्येक ड्रायव्हर करतो. शेवटची दोन फार थोडे ड्रायव्हर नीट करतात.

त्यामुळे विक्रेत्याला ‘सपोर्ट आहे का?’ असं विचारू नका, ‘हो’ हेच उत्तर मिळेल. प्रत्येक कामासाठी वेगळं विचारा, आणि कुठल्या मार्गाने तेही विचारा: एसएसएच (सुरक्षित लॉगिन), टेलनेट (एन्क्रिप्शन नसलेलं लॉगिन), एसएनएमपी (उपकरणाला माहिती विचारण्याचा प्रोटोकॉल), एससीपी किंवा टीएफटीपी (फाइल पाठवण्यासाठी) की एपीआय (प्रोग्रॅममधून थेट जोडणी). काही ड्रायव्हर एसएसएचने कॉन्फिग स्क्रीनवर छापून वाचतात, तर काही उपकरणालाच सांगतात की तुझी फाइल टीएफटीपीने सर्व्हरकडे पाठव. दुसऱ्या प्रकारात जोडणी उलट्या दिशेने सुरू होते. मधल्या फायरवॉलवर सर्व्हरकडून उपकरणाकडे पोर्ट २२ (एसएसएच) उघडा असला तरी उपकरणाकडून सर्व्हरकडे यूडीपी ६९ (टीएफटीपी) बंद असेल, तर लॉगिन यशस्वी आणि बॅकअप अयशस्वी असा विचित्र निकाल हाती येतो. लोक ड्रायव्हरला दोष देत बसतात. दोष तिथे नसतोच.

एससीपीची वेगळीच गंमत आहे. ओपनएसएसएच या एसएसएच सॉफ्टवेअरच्या ९.० आवृत्तीत, म्हणजे एप्रिल २०२२ पासून, ‘एससीपी’ कमांड आतून एसएफटीपी प्रोटोकॉल वापरू लागली. बऱ्याच स्विचना फक्त जुना एससीपी समजतो. सर्व्हरची ऑपरेटिंग सिस्टिम अपग्रेड केल्यावर इमेज पाठवण्याचं काम अचानक बंद पडलं असेल तर आधी इथे बघा. जुनी पद्धत सक्तीने वापरायला लावणारा पर्याय त्या कमांडमध्ये ठेवलेला आहे, कॅपिटल ‘ओ’ अक्षराचा.

सॉफ्टवेअरला कळतं कसं की समोर कुठलं उपकरण आहे?

बहुतेक वेळा एसएनएमपीवरून. ‘सिस ऑब्जेक्ट आयडी’ म्हणजे १.३.६.१.२.१.१.२.० हा आकडा विचारला की उत्तरात कंपनीचा नोंदणीकृत क्रमांक येतो: सिस्को ९, एचपी ११, ज्युनिपर २६३६, फोर्टिनेट १२३५६, पालो अल्टो २५४६१, अरिस्टा ३००६५. त्यापुढचे आकडे मॉडेल सांगतात. शेजारचा ‘सिस डिस्क्रिप्शन’ ऑपरेटिंग सिस्टिमचं नाव आणि आवृत्ती देतो. एसएनएमपी बंद असेल तर सॉफ्टवेअर एसएसएचने आत शिरून ओळखीच्या कमांड एकामागून एक देऊन बघतं. हे चालतं, पण हळू. शिवाय ऑथेंटिकेशन सर्व्हरच्या लॉगमध्ये नाकारलेल्या कमांडचा ढीग साचतो आणि सुरक्षा विभागाचा फोन येतो.

इथे एक खाच आहे. कंपन्या विकल्या जातात, क्रमांक मात्र मागे राहतात. आयसीएक्स स्विच फाउंड्रीच्या घराण्यातले. फाउंड्री २००८ मध्ये ब्रोकेडकडे गेली, पुढे हे स्विच रकसच्या नावाखाली आले, तरी उत्तरात फाउंड्रीचाच १९९१ हा क्रमांक येतो. ज्युनिपरने २००४ मध्ये नेटस्क्रीन घेतली, पण त्या फायरवॉलचा क्रमांक ३२२४ राहिला. कव्हरवरचा लोगो बघून ड्रायव्हर शोधणाऱ्याची इथे हमखास फसगत होते.

मग ड्रायव्हर मॉडेलनुसार निवडायचा की ऑपरेटिंग सिस्टिमनुसार?

ऑपरेटिंग सिस्टिमनुसार, बहुतेक वेळा. एकाच कंपनीची उपकरणं एकमेकांशी बोलत असली तरी त्यांच्या कमांड एक नसतात. सिस्कोचंच बघा: आयओएस, आयओएस एक्सई, आयओएस एक्सआर, एनएक्स-ओएस आणि एएसए (फायरवॉल) असे पाच वेगळे संसार. एचपीच्या नावाखाली प्रोकर्व्हची परंपरा वेगळी आणि २०१० मध्ये थ्रीकॉमबरोबर आलेली कॉमवेअर वेगळी. नंतरच्या अरुबा सीएक्सची एओएस-सीएक्स तिसरीच. ‘एचपी स्विचचा ड्रायव्हर’ असं काही नसतं.

नुसतं पेजिंग (लांब मजकूर पानापानाने थांबवून दाखवणं) बंद करायचं म्हटलं तरी आयओएसवर ‘टर्मिनल लेंथ ०’, एएसएवर ‘टर्मिनल पेजर ०’, ज्युनिपरच्या जुनॉसवर ‘सेट सीएलआय स्क्रीन-लेंथ ०’, हुआवेवर ‘स्क्रीन-लेंथ ० टेम्पररी’, पालो अल्टोवर ‘सेट सीएलआय पेजर ऑफ’. फोर्टिनेटच्या फोर्टिगेटवर तर त्यासाठी कन्सोलची सेटिंगच बदलावी लागते, म्हणजे बॅकअप घेण्यापुरतं आत गेलेलं खातंसुद्धा कॉन्फिगला हात लावतं. लेखापरीक्षणात हा मुद्दा निघतोच, उत्तर तयार ठेवा.

मॉडेलचा प्रश्न येतो तो हार्डवेअरची माहिती काढताना. स्टॅकमध्ये (एकच उपकरण म्हणून जोडलेल्या स्विचच्या गटात) पाच स्विच असतील तर पाच सिरियल नंबर यायला हवेत. एकच येत असेल तर कॉन्फिगपुरता ड्रायव्हर बरोबर आणि मालमत्तेच्या नोंदीपुरता अपुरा.

चुकीचा ड्रायव्हर लागला तर एरर येतेच ना?

आली तर नशीब. खरा धोका असतो अर्धवट चालणाऱ्या ड्रायव्हरचा. तो लॉगिन करतो, कॉन्फिगसारखं दिसणारं काहीतरी आणतो, टास्क हिरवी दाखवतो आणि कुणी वळून बघत नाही.

एएसएला आयओएसचा ड्रायव्हर लावला असं समजा. ‘टर्मिनल लेंथ ०’ ही कमांड तिथे चालत नाही. मग कॉन्फिग छापताना मधेच ‘मोअर’ची ओळ येते आणि ड्रायव्हर तिथे अडकतो, किंवा ती ओळ कॉन्फिगचाच भाग समजून साठवून ठेवतो. यातून वाचायचा साधा उपाय म्हणजे साठवलेल्या फाइलची शेवटची ओळ तपासणं. आयओएसवर शेवटी ‘एंड’ असतं, एएसएवर विसर्गचिन्हासारख्या दोन टिंबांनंतर ‘एंड’. ती ओळ नाही तर बॅकअप नाही, इतका कडक नियम ठेवायला हरकत नाही. फाइलचा आकार आदल्या दिवसाच्या निम्म्याहून कमी झाला तर सूचना यावी, हीसुद्धा सोय बहुतेक ठिकाणी करता येते.

एएसएबाबत अजून एक. ‘शो रनिंग-कॉन्फिग’ने मिळालेल्या फाइलमध्ये व्हीपीएनच्या प्री-शेअर्ड कीच्या (दोन्ही टोकांच्या सामायिक पासवर्डच्या) जागी चांदण्या असतात. पूर्ण कॉन्फिग ‘मोअर सिस्टिम:रनिंग-कॉन्फिग’ने मिळतो. तुमचा ड्रायव्हर यातली कुठली कमांड वापरतो हे आजच बघून ठेवा. उपकरण जळाल्यावर चांदण्यांची फाइल चढवली तर व्हीपीएनचा एकही बोगदा उभा राहणार नाही.

हाताने लॉगिन होतं, सॉफ्टवेअरमधून होत नाही. ड्रायव्हर बिघडलाय का?

शक्यता कमी. तुमचा टर्मिनल क्लायंट आणि सर्व्हरवरची एसएसएच लायब्ररी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दोघांना मान्य असलेले अल्गोरिदम वेगळे असू शकतात. ओपनएसएसएच ७.० ने २०१५ मध्ये ‘डिफी-हेलमन ग्रुप १’ ही किल्ली ठरवण्याची जुनी पद्धत मूळ सेटिंगमध्येच बंद ठेवली. ८.८ ने २०२१ मध्ये एसएचए-१ वर आधारलेल्या आरएसए सह्या नाकारायला सुरुवात केली. जुन्या स्विचना याशिवाय काही येतच नाही. असा स्विच अपग्रेड होत नसेल तर फक्त त्याच्यापुरती सूट द्या, सगळ्या सर्व्हरसाठी दार उघडू नका. आणि यावर उपाय म्हणून टेलनेट चालू करू नका. पासवर्ड उघड्यावर जातो.

अल्गोरिदम जुळले आणि तरी टाइमआउट येत असेल तर लॉगिन बॅनर बघा. ड्रायव्हर प्रॉम्प्ट शोधतो तो चिन्हांवरून: ओळीच्या शेवटी हॅश (#) किंवा ‘पेक्षा मोठे’चं (>) चिन्ह. कुणीतरी इशाऱ्याच्या मजकुराभोवती हॅशची सुंदर चौकट काढलेली असते आणि ड्रायव्हर पहिल्याच ओळीला प्रॉम्प्ट समजून बसतो. फोर्टिगेटवर लॉगिननंतरचा बॅनर चालू असेल तर ‘स्वीकारण्यासाठी ए दाबा’ असा प्रश्न येतो. ड्रायव्हरला तो माहीत नसेल तर दोघंही एकमेकांची वाट बघत राहतात.

तिसरी जागा म्हणजे ‘इनेबल’ पासवर्ड, पूर्ण अधिकार मिळवण्याचा. टॅकॅक्सने (लॉगिन आणि अधिकार तपासणाऱ्या सर्व्हरने) थेट प्रिव्हिलेज १५ (सर्वोच्च अधिकार) मिळत असेल आणि ड्रायव्हर तरीही ‘इनेबल’ म्हणत असेल, किंवा याच्या उलट, तर गोंधळ होतो. सेशन लॉग चालू करून एकदा वाचा. पाच मिनिटांचं काम आहे, पण लोक ते सगळ्यात शेवटी करतात.

फक्त वाचण्याच्या अधिकाराचं खातं दिलं तर पुरेल ना?

तत्त्व चांगलं आहे, पण तपासून घ्या. आयओएसवर कमी प्रिव्हिलेजच्या खात्याने ‘शो रनिंग-कॉन्फिग’ दिलं तर त्या खात्याला ज्या ओळी बदलता येतात तेवढ्याच दिसतात. एरर नाही, सूचना नाही, फाइल मात्र अपुरी. जुनॉसमध्ये अधिकार नसलेल्या भागाच्या जागी ‘ॲक्सेस डिनाइड’ लिहिलेलं येतं, निदान कळतं तरी. त्यापेक्षा टॅकॅक्सवर पूर्ण पातळीचं खातं ठेवून त्याला मोजक्याच कमांड चालवू देणं जास्त भरवशाचं. ड्रायव्हर कुठल्या कमांड देतो त्याची यादी त्यासाठी लागेल, आणि ड्रायव्हर अपडेट झाला की ती बदलू शकते.

कुणी हात लावला नाही, तरी रोज कॉन्फिग बदलल्याचं दिसतं. का?

ड्रायव्हर गाळणी नीट लावत नाही म्हणून. जुन्या आयओएसवर ‘एनटीपी क्लॉक-पीरियड’ची (घड्याळ जुळवण्याची) ओळ आपोआप बदलते. एनएक्स-ओएस कॉन्फिगच्या वरच छापल्याची वेळ लिहितं. फोर्टिगेटमध्ये तोच पासवर्ड दर बॅकअपला वेगळा एन्क्रिप्ट होऊन येतो. चांगला ड्रायव्हर तुलना करताना या ओळी बाजूला ठेवतो. तुमचा ठेवत नसेल तर वगळण्याचा नियम स्वतः लिहा, पण तो फक्त तुलनेला लागू करा, साठवण्याला नाही. पासवर्डच्या ओळी साठवतानाच गाळल्या तर त्या फाइलमधून उपकरण उभं राहणार नाही.

खोट्या बदलांकडे दुर्लक्ष करायची सवय लागली की खरा बदलही नजरेतून सुटतो, म्हणून हे काम पुढे ढकलू नये.

उपकरणावर बदल पाठवण्याच्या बाबतीत ड्रायव्हरमध्ये काय बघायचं?

सेव्ह कधी आणि कसं होतं ते. आयओएसवर दिलेली ओळ त्या क्षणी लागू होते, पण स्टार्टअपमध्ये लिहिली नाही तर रीबूटनंतर गायब. जुनॉस, आयओएस एक्सआर आणि पालो अल्टोवर ‘कमिट’ (बदल पक्का करण्याची कमांड) होईपर्यंत काहीच लागू होत नाही. फोर्टिगेटवर ‘एंड’ म्हटलं की लागूही झालं आणि नेहमीच्या सेटिंगमध्ये सेव्हही. या तिन्ही पद्धतींना एकच ‘डिप्लॉय’ बटण लावलेलं असतं. बटण दाबण्याआधी आपलं उपकरण कुठल्या पद्धतीचं आहे ते माहीत हवं.

जुना कॉन्फिग परत चढवताना तर जास्तच सांभाळा. आयओएसवर जुनी फाइल रनिंग कॉन्फिगवर कॉपी केली तर ती मिसळते, जागा घेत नाही. मधल्या काळात वाढवलेल्या ओळी तशाच राहतात. त्याऐवजी ‘कॉन्फिगर रिप्लेस’ लागतं. ड्रायव्हरच्या माहितीपत्रकात ‘रिस्टोअर’ लिहिलेलं असलं तरी आत यातलं कुठलं चालतं, हे प्रयोगशाळेत एक जादा ओळ टाकून बघता येतं: रिस्टोअरनंतर ती ओळ गेली का?

जुनॉसचं ‘कमिट कन्फर्म्ड’ ड्रायव्हर वापरत असेल तर उत्तमच. ठरलेल्या वेळेत, नेहमीच्या सेटिंगप्रमाणे १० मिनिटांत, दुसरा कमिट आला नाही तर उपकरण स्वतःच मागे फिरतं. आयओएसवर ‘रीलोड इन’ लावून बदल करणं हा त्याचा गरीब भाऊ. चुकलात तर उपकरण रीबूट होऊन जुन्या स्टार्टअपवर येतं. अट एवढीच की ड्रायव्हरने मधेच सेव्ह केलेलं नसावं.

फायरवॉलचे ड्रायव्हर नेहमी त्रास का देतात?

कारण फायरवॉलचा खरा कॉन्फिग बऱ्याचदा फायरवॉलवर राहतच नाही. चेक पॉइंटच्या गेटवेवर ‘शो कॉन्फिगरेशन’ दिलं तर गाया ऑपरेटिंग सिस्टिमच्या सेटिंग मिळतात: इंटरफेस, राउट, डीएनएस. नियमांचा संच मॅनेजमेंट सर्व्हरवर असतो. सिस्कोची फायरपॉवर थ्रेट डिफेन्स तिच्या मॅनेजमेंट सेंटरमधून चालवली जाते. कमांड लाइनवर वाचता बरंच येतं, पण पॉलिसी तिथून लिहिता येत नाही. पालो अल्टोवर पॅनोरमाकडून (तिच्या मध्यवर्ती मॅनेजमेंट सर्व्हरकडून) आलेले नियम स्थानिक कॉन्फिगमध्ये नसतात. अशा ठिकाणी ‘गेटवे सपोर्टेड’ या शब्दांना अर्थ नाही. मॅनेजमेंट सर्व्हरसाठी वेगळा ड्रायव्हर किंवा एपीआयची जोडणी आहे का ते विचारा.

दुसरी गोष्ट, एका डब्यात अनेक फायरवॉल. फोर्टिगेटमध्ये व्हीडॉम, एएसएमध्ये कॉन्टेक्स्ट, पालो अल्टोमध्ये व्हर्च्युअल सिस्टिम. एएसएच्या एका कॉन्टेक्स्टमध्ये लॉगिन केलं तर फक्त त्याचाच कॉन्फिग दिसतो. ड्रायव्हरला सिस्टिम जागेत (सगळ्या कॉन्टेक्स्टच्या वरच्या पातळीवर) जाऊन प्रत्येक कॉन्टेक्स्ट फिरता यायला हवं, नाहीतर प्रत्येक कॉन्टेक्स्ट स्वतंत्र उपकरण म्हणून नोंदवा, आणि परवान्याची संख्या त्याप्रमाणे मोजा.

जोडीने चालणाऱ्या फायरवॉलमध्ये बदल सक्रिय असलेल्या डब्यावरच व्हायला हवा. फेलओव्हरनंतर (एकाचं काम दुसऱ्याने घेतल्यावर) आयपी पत्ता कुणाकडे गेला याची जाण ड्रायव्हरला नसेल तर दोन्ही डब्यांचा इतिहास एकमेकांत मिसळतो.

नेटकॉन्फ आणि यांग आल्यावर ड्रायव्हरची गरज संपली नाही का?

कमी झाली, संपली नाही. नेटकॉन्फ, म्हणजे कॉन्फिगची देवाणघेवाण करण्याचा प्रोटोकॉल, २००६ मध्ये प्रमाणित झालं, २०११ मध्ये सुधारलं. त्यासाठी डेटाची मॉडेल लिहिण्याची भाषा यांग २०१० ची, एचटीटीपीवरून चालणारं रेस्टकॉन्फ २०१७ चं. प्रॉम्प्ट, पेजिंग, बॅनर या कटकटी त्यामुळे खरंच जातात. पोर्ट ८३० वर बांधीव एक्सएमएल मिळतो, छापील मजकूर फोडत बसावं लागत नाही. पण प्रत्येक कंपनीची स्वतःची यांग मॉडेल आहेत, आणि ओपनकॉन्फिगसारखी सामायिक मॉडेल वापरली तरी उपकरण त्यातला किती भाग मानतं हे आवृत्तीगणिक बदलतं. म्हणजे फरक सांभाळणारं कुणीतरी मध्ये लागतंच. नेपामसारख्या पायथन लायब्ररीतही ईओएस (अरिस्टाची), जुनॉस, आयओएस, एनएक्स-ओएस असे वेगवेगळे ड्रायव्हर आहेत, ते यासाठीच.

यादीतच नसलेल्या उपकरणाचं काय करायचं?

कमांड ओळखीच्या वाटत असतील तर जवळचा ड्रायव्हर हाताने लावून फक्त बॅकअप घेऊन बघा. उपकरणावर बदल पाठवू नका. तेही जमलं नाही तर स्वतः लिहा. ऑक्सिडाइज्डचं साधं मॉडेल काही डझन ओळींत होतं: प्रॉम्प्ट, पेजिंग बंद करायची कमांड, कॉन्फिगची कमांड आणि बाहेर पडण्याची कमांड.

विक्रेत्याकडून ड्रायव्हर हवा असेल तर सिस ऑब्जेक्ट आयडी, आवृत्तीची पूर्ण माहिती आणि लॉगिनपासून लॉगआउटपर्यंतचा सेशन लॉग द्या. लॉग पाठवण्याआधी कम्युनिटी स्ट्रिंग (एसएनएमपीचा पासवर्ड) आणि पासवर्ड काढा. सिस्कोचे ‘टाइप ७’ पासवर्ड एन्क्रिप्टेड दिसले तरी क्षणात उलटे सोडवता येतात, त्यामुळे ते उघडेच समजा.

ड्रायव्हर आधी अपडेट करायचा की उपकरणाचं फर्मवेअर?

ड्रायव्हर आधी. नवा ड्रायव्हर जुनं फर्मवेअर सहसा सांभाळतो. जुन्या ड्रायव्हरला पुढचं फर्मवेअर माहीत असायचं कारण नाही. ड्रायव्हरचा नवा पॅक टाकण्याआधी स्वतः बदललेले ड्रायव्हर वेगळे काढून ठेवा, काही सॉफ्टवेअर ते मुकाट पुसून टाकतात. पॅक चढवल्यावर प्रत्येक प्रकारातलं एक उपकरण घेऊन बॅकअप चालवा आणि आदल्या दिवसाच्या फाइलशी ताडून बघा. त्यानंतरच सगळ्यांवर ड्रायव्हर नव्याने ओळखण्याची टास्क लावा.

जुन्या ड्रायव्हरची कागदपत्रं सापडत नाहीत. कुठे शोधायची?

जुन्या नावाने शोधा. उदाहरणार्थ, ऑप्सवेअरचं नेटवर्क ऑटोमेशन २००७ मध्ये एचपीकडे गेलं, मग एचपीईकडे, २०१७ मध्ये मायक्रो फोकसकडे आणि २०२३ मध्ये ओपनटेक्स्टकडे. सपोर्टचं संकेतस्थळ दर वेळी बदललं. हाती लागलेली प्रत स्वतःच्या सर्व्हरवर ठेवून द्या.

तपासणीसाठी व्हर्च्युअल लॅब पुरते का?

लॉगिन, प्रॉम्प्ट, पेजिंग, कॉन्फिग वाचणं आणि रिस्टोअर यांसाठी जीएनएस३ किंवा ईव्ह-एनजीमधली व्हर्च्युअल उपकरणं पुरतात. स्टॅक, मॉड्यूल, पॉवर सप्लायचे सिरियल नंबर आणि इमेज अपग्रेड यांसाठी नाही. त्याला खरा डबा लागतो. सेवेतून काढलेला एखादा स्विच भंगारात द्यायच्या आधी मागून घ्या, आणि त्यावर तीच आवृत्ती चढवा जी बाकीच्यांवर आहे.